कुलाब्याचा आरसा, बार्शीचा जॅक

आरशानं ऊन एका जागी गोळा करणं अवघड नाही. भिंगानं कागद जाळणारी शाळेतली पोरंही तेच करतात. अवघड आहे ते पुढचं, म्हणजे ते ऊन दिवसभर त्याच जागी धरून ठेवणं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. त्याची तबकडी आपल्याला दिसते जेमतेम अर्ध्या अंशाची. तेव्हा दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढं गेलेला असतो आणि आरशाचा ठिपका भांड्यावरून घसरू लागतो. सौरयंत्रांचा इतिहास लिहिणारे आरशाबद्दल, बॉयलरबद्दल, वाफेच्या दाबाबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि आरसा फिरवला कुणी हे एका ओळीत उरकतात. मी केबलवाला माणूस. गच्चीवरची छत्री फिरवण्यात निम्मं आयुष्य गेलं, म्हणून मला रस आहे तो त्या एका ओळीत.

आपल्याकडची ही गोष्ट मुंबईत सुरू होते, आणि तीही १८७८ च्या सुमारास. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईत सरकारी उपनिबंधक होता. इंजिनिअर नव्हता, कागदपत्रांतला माणूस. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मुशो हा गणिताचा मास्तर उन्हावर वाफेचं इंजिन चालवतो हे त्याला कळलं होतं. मुशोचा आरसा शंकूच्या आकाराचा, चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा. अ‍ॅडम्सचा आक्षेप व्यवहारी होता. चांदी काळी पडते, आणि एवढा मोठा वाकवलेला पत्रा घडवायला पैसा फार लागतो. त्यापेक्षा साधे सपाट काचेचे आरसे घ्या, पुष्कळ घ्या, आणि प्रत्येक असा कलता बसवा की सगळ्यांचं ऊन एकाच जागी पडेल.

त्यानं १७ बाय १० इंचांचे आरसे एकेक करून लाकडी सांगाड्यात बसवले आणि दरवेळी तापमान मोजत गेला. शेवटी ७२ आरशांवर थांबला. बाराशे अंश फॅरनहाइटची उष्णता त्याला हवी होती, तेवढ्याला हा आकडा पुरेल असा त्याचा हिशेब. २० फुटांवर लाकडाचा तुकडा धरला तर तो लगेच पेटला. मग तेच ऊन बॉयलरवर टाकून त्यानं अडीच अश्वशक्तीचं इंजिन मधल्या कुलाब्यातल्या आपल्या बंगल्यावर दोन आठवडे, ऊन असेल तेवढा वेळ, चालवून दाखवलं. बघायला लष्कराचे सरसेनापती आले, रॉयल इंजिनिअर्सचा कर्नल आला, न्यायाधीश आले, गिरणीमालक आले. सगळ्यांनी कौतुक केलं. इंजिनिअर मंडळी म्हणाली, कोळशाला पर्याय म्हणून नाही, पण जोडीला ठीक आहे. त्यानंतर गाडी पुढं सरकली नाही. अ‍ॅडम्सनं या सगळ्यावर एक पुस्तक लिहिलं, ते मुंबईतच १८७८ साली छापलं गेलं. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी उन्हाची उष्णता कशी वापरावी, हा त्याचा विषय. त्याची एक सौर शेगडीही होती. तिच्यावर जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात सैनिकांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजली, अशी नोंद आहे.

आता माझी एक ओळ. अ‍ॅडम्सचा बॉयलर जागेवर होता आणि आरशांचा सगळा सांगाडा अर्धगोल रुळावरून त्याच्याभोवती फिरायचा. सूर्य सरकेल तसा तो ढकलायला एक मजूर ठेवावा, दिवसातून तीन-चार वेळा हलवलं तरी भागेल, जास्त वेळा हलवला तर काम अधिक चांगलं होईल, असं त्याचं म्हणणं. तीन-चार वेळा हे मला पटत नाही. सपाट आरशाचा उजेड आरशाएवढाच रुंद पडतो, त्यामुळं थोडी ढिलाई खपते हे खरं. पण सकाळी नऊला लावलेला सांगाडा अकराला कुठं असेल आणि सूर्य कुठं? ‘जास्त वेळा’ हे शब्दच त्या वाक्यात खरे आहेत. मात्र अ‍ॅडम्सनं घड्याळ का लावलं नाही याचं उत्तर मला सरळ दिसतं. १८७८ च्या मुंबईत मजूर घड्याळापेक्षा स्वस्त होता. पुढची दीडशे वर्षं सूर्यामागं फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रात हाच हिशेब आहे. आरसा माणूस फिरवेल, घड्याळ फिरवेल की डोळा फिरवेल, हे त्या गावातल्या मजुरीवरून ठरतं.

उन्हासाठी आरसा हातानं फिरवत बसणं हिंदुस्थानात नवीनही नव्हतं. जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लांबच्या टेकड्यांवर हेलिओट्रोप घेऊन माणसं बसवत. आरशानं सूर्याचा कवडसा निरीक्षकाकडं टाकायचा आणि सूर्य हलला की स्क्रू फिरवून कवडसा परत जागेवर आणायचा. १८६९ मध्ये हेन्री मान्सनं कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, हेलिओग्राफ काढला. लष्कर त्यावरून संदेश पाठवायचं. तिथंही तोच स्क्रू, तोच हात.

घड्याळाचा रस्ता युरोपातून आला, आणि तो यंत्रांच्या नव्हे तर प्रयोगशाळेच्या गरजेतून. हॉलंडमधल्या स्क्राव्हेसांडे या प्राध्यापकाच्या १७४२ च्या ग्रंथात हेलिओस्टॅट आहे. आरशाला घड्याळ जोडलेलं, त्यामुळं खोलीत येणारा किरण हलत नाही. प्रकाशाचे प्रयोग करणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. पुढं झिल्बरमान, फुको यांनी तेच यंत्र सुधारलं. यातली खुबी अशी की पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्ष धरला तर सूर्यामागं फिरायला एकच गती लागते, तासाला १५ अंश. वर-खाली काही करावं लागत नाही, ऋतूप्रमाणं थोडा कल बदलला की झालं. दुर्बिणींना घड्याळ जोडतात ते याच तत्त्वावर.

आणि असली घड्याळं आमच्या सोलापूर जिल्ह्यात चालून गेली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दोन मोठे तळ पडले होते. एक अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा, कॅम्बेल यांचा. दुसरा पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात १८८८ ला जी तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, ती नायगमवालांची. लिकवाल्यांचा कॅमेरा ४० फूट लांब होता. एवढी नळी सूर्यामागं कोण फिरवणार? त्यांनी नळी जागेवर बांधली आणि आतली काचेची प्लेट घड्याळानं सरकवली. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची, तेवढ्यापुरतं घड्याळ बिनचूक चाललं की बास. मला ही युक्ती फार आवडते. जड ते हलवू नये, हलकं ते हलवावं. त्याच ग्रहणाला नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते. लॉकियरनी तिथूनच १८६८ मध्ये हेलियम शोधला असं किल्ल्यावर आजही सांगितलं जातं, पण १८६८ ला ते इंग्लंडमध्ये होते. किल्ल्यावर दुर्बिणींसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ १८९८ च्या ग्रहणाशी जोडावेत, म्हणजे हिशेब जुळतो. जेऊरला मात्र ओटाही नाही आणि दंतकथाही नाही, याचं आम्हा सोलापूरकरांना वाईट वाटत नाही, कारण बहुतेकांना ते माहीतच नाही.

ऊर्जेच्या धंद्यात घड्याळ उतरवलं ते कॅलिफोर्नियात. १९०१ मध्ये ऑब्री एनिआस यानं पासाडेनातल्या एका शहामृग-पालन केंद्रावर साडेतेहेतीस फूट व्यासाची, १,७८८ आरशांची छत्री उभी केली. ती घड्याळानं फिरायची आणि तिच्या वाफेवर मिनिटाला १,४०० गॅलन पाणी उपसलं जायचं. लोक तिकीट काढून शहामृग बघायला येत आणि हेही बघून जात. तिथं मजूर महाग, म्हणून घड्याळ.

तिसरा रस्ता डोळ्याचा. १९१३ मध्ये इजिप्तमधल्या कैरोजवळच्या मादी गावात फ्रँक शुमन या अमेरिकन माणसानं ६२ मीटर लांबीचे पाच पन्हाळीसारखे आरसे उत्तर-दक्षिण मांडले. नाईलचं पाणी शेतात चढवायला. सकाळी पूर्वेकडं कललेले आरसे संध्याकाळी पश्चिमेकडं कलत जात, आणि ते फिरवण्याचा हुकूम थर्मोस्टॅट देई. ऊन नळीवर नीट पडत नसेल तर उष्णतेतला फरक यंत्राला कळे, यंत्र आरसा थोडा लोटी. घड्याळाला सूर्य दिसत नाही, त्याला फक्त वेळ कळते. इथं यंत्रानं सूर्यालाच विचारलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि मादीचं केंद्र मोडीत गेलं. पण आजचा कुठलाही एलडीआरवाला, म्हणजे उजेड जाणणाऱ्या पुर्ज्यावर चालणारा, ट्रॅकर त्याच वंशातला.

स्वतंत्र भारतात घड्याळ आणि डोळा हे दोन्ही रस्ते काही काळ बंदच होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या छत्रीची सूर्यचूल काढली. ती घरांत रुजली नाही. कारणं बरीच सांगितली जातात, पण ज्या बाईला भाजी चिरायची आहे, पोर सांभाळायचं आहे, तिनं दर दहा-पंधरा मिनिटांनी अंगणात येऊन छत्री वळवायची हे चालणारच नव्हतं. अ‍ॅडम्सच्या हिशेबातला मजूर इथं बिनपगारी झाला होता. १९८० नंतर सरकारी अनुदानावर जी काळी पेटी घरोघरी गेली तिनं हा प्रश्न टाळूनच टाकला. पेटी सूर्यामागं फिरवायची नाही, डबे ठेवायचे आणि कामाला लागायचं. डाळ-भात दोन-तीन तासांत होतो. भाकरी होत नाही, फोडणी होत नाही, आणि शंभर माणसांचं जेवण तर नाहीच.

शंभर माणसांसाठी परत छत्री लागली. वोल्फगांग शेफलर या भौतिकशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशनवर अशी बशी बांधली की तिचा केंद्रबिंदू हलत नाही. बशी बाहेर फिरते, ऊन स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भोकातून चुलीवर पडत राहतं. अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, ऋतूप्रमाणं बशीचा बाक थोडा बदलायचा. फिरवायला वजनावर चालणारं यांत्रिक घड्याळ, सायकलीची साखळी आणि दातेरी चक्रं. गावातल्या वेल्डरला जमेल असं यंत्र हवं हा त्याचा आग्रह होता, आणि मोटर नसण्यामागं तोच आग्रह. आबूरोडला ब्रह्माकुमारींच्या स्वयंपाकघरात, तिरुमलाला आणि मग २००९ मध्ये शिर्डीला या बशा मोठ्या संख्येनं लागल्या. शिर्डीच्या प्रसादालयावर १६ चौरस मीटरच्या ७३ बशा आहेत. त्यांच्या वाफेवर रोज हजारो भक्तांचं जेवण होतं. एवढा पसारा एकेका घड्याळावर सांभाळत बसणं कुणाला परवडेल? मोठ्या ठिकाणी मोटर आली आणि मोटरीबरोबर कंट्रोलर आला. लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या कामातून उभी राहिलेली ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची छत्री दोन्ही अक्षांवर आपोआप फिरायची आणि दूध तापवायला उष्णता द्यायची. आमच्या बार्शीहून लातूर शंभर किलोमीटरच्या आसपास. ती छत्री फिरताना उघड्या डोळ्यांना दिसायची नाही. बघून खाली मान घातली आणि चहा पिऊन परत बघितलं तर वळलेली असायची.

बार्शीला १९९२ नंतर जी छत्री आली ती वेगळी, तिच्यात भात शिजत नव्हता. आखाती युद्धाच्या बातम्यांनी शहरांत केबल सुरू झालं होतं, मग स्टार आणि झी आले, आणि तालुक्याच्या गावात आमच्यासारखी पोरं गच्चीवर बारा-बारा फुटांच्या जाळीच्या छत्र्या उभ्या करू लागली. एशियासॅट-१ हा १०५.५ अंश पूर्वेला. दुसऱ्या उपग्रहावरचं चॅनल धरायचं तर छत्री वळवायची. त्यासाठी पोलर माउंट असायचा, आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडं. म्हणजे स्क्राव्हेसांडेचा, जेऊरच्या दुर्बिणींचा आणि शेफलरचा जो अक्ष, तोच बार्शीच्या गच्च्यांवर होता. आमचा अक्षांश अठरा अंशांच्या थोडं वर, तेवढाच त्या अक्षाचा कल. आम्हाला खगोलशास्त्र येत नव्हतं. कंपास, ओळंबा आणि शिव्या एवढ्यावर आम्ही ते बसवत होतो.

छत्री ढकलणाऱ्या दांड्याला आम्ही जॅक म्हणायचो. ३६ व्होल्टची डीसी मोटर, गिअर, आणि आत स्क्रूवर मागं-पुढं होणारी नळी. चार वायरी बाहेर येतात. दोन मोटरच्या, दोन रीड स्विचच्या. आत एक छोटं चुंबक फिरतं, ते दर फेऱ्याला रीड स्विच उघडतं-मिटवतं आणि रिसीव्हरचा डबा ती टिकटिक मोजून छत्री कुठं आहे ते ओळखतो. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, त्यांच्यावर डायोड असे लावलेले की टोकाला गेलेला जॅक पुढं जात नाही पण मागं येऊ शकतो. पुढं डीटीएच आलं, धंदा आटला, आणि हे जॅक भंगारात किलोच्या भावानं जाऊ लागले. मी माझे आणि इतर दोन-चार जणांचे ठेवून घेतले. बायको म्हणायची, लोखंडाला पाणी घालून वाढवताय काय?

शहराबाहेरच्या एका वसतिगृहात शेफलरच्या पद्धतीची एक मोठी बशी होती. देणगीतून आलेली. बसवणारे लोक पुढं या धंद्यातून निघून गेले. गिअरबॉक्सची मोटर जळाली, कंट्रोलरच्या पेटीतल्या चिपवरचा नंबर खरवडलेला, त्यामुळं दुरुस्त काय करायचं हेच कळेना. बशी दोन पावसाळे तशीच उभी राहिली, आणि स्वयंपाकीण मावशींनी परत सरपण आणलं. मला बोलावलं ते गीझर बघायला. मी बशी बघत बसलो.

जॅक बसवणं सोपं होतं. चोवीस इंचांचा दांडा, अक्षापासून सतरा इंचांवर जोडला तर सुमारे ९० अंश फिरतो, म्हणजे सहा तास. आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि बार्शी पंच्याहत्तरच्या पुढं, पावणेशहात्तरच्या आत. त्यामुळं सूर्य आमच्या डोक्यावर सरासरीनं बारा सत्तावीसला येतो. फेब्रुवारीत बारा एक्केचाळीसच्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अकराच्या. अ‍ॅडम्सच्या मुंबईत घड्याळं मुंबईच्या स्थानिक वेळेवर चालत, त्याला ही कटकट फक्त ऋतूपुरती. मी साडेनऊ ते साडेतीन धरले. वसतिगृहाचा स्वयंपाक त्यात बसतो.

पहिला कंट्रोलर मी डोळ्याचा केला, सगळे करतात तसा. दोन एलडीआर, मध्ये उभी पट्टी. सूर्य एका बाजूला गेला की एकावर सावली, दोन्हींतला फरक एलएम३५८ या चिपनं तोलायचा, फरक वाढला की रिले, रिलेनं जॅक. इंजिनिअरिंग कॉलेजच्या कुठल्याही प्रदर्शनात हा ट्रॅकर टेबलावर असतोच, काडेपेटीएवढं पॅनल आणि समोर बॅटरी घेतलेले परीक्षक. बॅटरीच्या उजेडामागं तो सुरेख फिरतो. उघड्यावर त्याची परीक्षा ढगांनी होते. ढगाची कडा उजळते तेव्हा डोळ्याला तोच सूर्य वाटतो आणि जॅक तिकडं धावतो. श्रावणातल्या उन्हात एकदा मावशी म्हणाल्या, “दादा, तुमची बशी सूर्याला सोडून ढगाच्या नादी लागलीय. भात अर्धा राहिला.” शिवाय फरकाची मर्यादा फार बारीक ठेवली तर बशी पुढं-मागं डोलत राहते आणि रिलेचे पॉइंट जळतात. एलडीआरही उन्हात म्हातारे होतात. त्यापेक्षा हिरवा एलईडी बरा. उन्हात धरला की तो स्वतःच दीड व्होल्टच्या आसपास देतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

म्हणून घड्याळाकडं वळलो. ५५५ च्या टायमरनं ठरावीक वेळानं जॅक हलवायचा. पण मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात कपॅसिटर तापतात आणि टायमरची वेळ सरकते. सकाळी बरोबर असलेली बशी दुपारी मागं पडायची. मग सीडी४०६० ही मोजणीची चिप आणि भिंतीवरच्या घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. वेळ अचूक झाली, तर दुसरीच भानगड निघाली. जॅकचा दांडा बशीला सरळ काटकोनात ढकलतो तेव्हा एका इंचाला थोडे अंश फिरवतो, टोकांकडं तिरका होतो तेव्हा जास्त. म्हणजे सूर्याची गती एकसारखी आणि जॅकची नाही. शेफलरच्या सायकलच्या चक्रात ही अडचण नव्हती, ती माझ्या भंगारानं आणली होती. दर दहा मिनिटांना किती टिकटिक हव्यात याचा तक्ता त्रिकोणमितीनं काढला. आमच्या मुलीच्या दहावीच्या वहीच्या मागच्या पानावर तो अजून आहे.

तक्ता आला की लॉजिक चिपांनी भागत नाही. तोवर इटलीत २००५ ला जन्मलेला अर्दुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत मिळू लागला होता. त्याला डीएस३२३१ चं घड्याळ जोडलं, नाण्याएवढ्या सेलवर चालतं आणि महिन्याला काही सेकंदच चुकतं. आता कंट्रोलर असं वागतो: तारीख बघतो, त्या दिवशीचा सूर्याचा मध्यान्ह काढतो, तक्त्यातून टिकटिक वाचतो आणि दर मिनिटाला जॅक जरा लोटतो. दोन हिरवे एलईडी आहेत, पण ते मालक नाहीत. दोघांवरही कडक ऊन असेल आणि फरक बराच वेळ टिकला तरच त्यांचं ऐकायचं, तेही एका टिकटिकीपुरतं. ढग आला की घड्याळ आपलं चालू. साडेतीनला जॅक मागं येतो, लिमिट स्विचला टेकतो आणि मोजणी शून्य होते. दिवसभरात टिकटिक चुकली असेल तर तिथं फिटते.

करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मोटर उलट-सुलट फिरवायला दोन रिले पुरतात. दोन्हींचे मधले पॉइंट मोटरला, उघडे पॉइंट प्लसला, मिटलेले मायनसला. दोन्ही बंद असले की मोटरची टोकं आपसांत जुळतात आणि तिला ब्रेक लागतो. शॉर्ट होण्याचा मार्गच राहत नाही. दुसरं, उलट फिरणाऱ्या मोटरवर ठिणगीसाठी साधा डायोड लावू नका, एका दिशेला तोच शॉर्ट होईल. तिथं एमओव्ही किंवा रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावा. ३६ व्होल्टची मोटर २४ वर हळू चालते, आपल्याला हळूच हवी आहे. अक्ष तपासायला शून्य सावलीचा दिवस उत्तम. आमच्याकडं तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला येतो. त्या मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर, ओळंब्याच्या रेषेत.

साध्या सौर पॅनलला हे सगळं लागत नाही. पॅनल सूर्यापासून दहा अंश चुकलं तर दीड टक्का वीज कमी होते, एवढंच. म्हणून घरच्या गच्चीवर मोटर लावण्यापेक्षा एक पॅनल जास्त लावावं. मोठ्या सौर प्रकल्पांत मात्र आता पॅनलच्या रांगा पूर्व-पश्चिम फिरतात, आणि त्यांना सूर्य कुठं आहे हे डोळा सांगत नाही. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशावरून गणित सांगतं. डोळा आणि घड्याळाच्या भांडणात घड्याळ जिंकलं, असं मी म्हणतो. तिसऱ्या भिडूचं, माणसाचं काम संपलेलं नाही. आरसे पुसायला, ऋतूप्रमाणं बाक बदलायला आणि वादळात बशी बांधायला तो लागतोच. अ‍ॅडम्सचा मजूर फक्त ढकलण्यातून सुटला.

महाराष्ट्रात आश्रमशाळांवर, वसतिगृहांवर, देवस्थानांत अशा बंद पडलेल्या बशा तुम्हीही पाहिल्या असतील. आरसे बहुतेक शाबूत असतात, गेलेली असते ती मोटर नाहीतर पेटी. भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा. आणि जो कोणी नवा कंट्रोलर बनवेल त्यानं चिपवरचे नंबर खरवडू नयेत. वायरिंगचा नकाशा कागदावर काढावा, मराठीत लिहावा, आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा.